पल्याडचीचं नाव

“नाव घेतल्यानं माणूस बुडतो का, बाबा? ... हो की नाही, एवढंच सांगा.”

मदारशा फकिरानं वर पाहिलं नाही. दर्ग्याच्या पायरीवर बसून तो दिव्याची काजळी राखेनं घाशीत होता.

“छडी आणलीस का, मास्तर?”

“छडी? इथं छडी कशाला?”

“आणायची होतीस. मीही घडाघडा बोललो असतो.”

दिगंबर मास्तरांच्या तोंडावरचा रंगच उडाला. पण चढण चढून आलेला माणूस. उत्तर घेतल्याशिवाय उतरणार कसा? खालच्या पायरीवर बसले. बसले, आणि पहिल्यांदा समुद्राकडं पाहिलं.

कासवबेटावर मास्तर नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या मचव्यानं आले. तरणाबांड माणूस, अंगात उमेद, आणि आपल्याला शिकवता येतं याचा थोडा ताठाही. तो खोटा नव्हता, हेही सांगायला हवं. सुटीची घंटा झाली तरी मुलं उठत नसत.

आधीचे मास्तर गंगा-यमुना शिकवून गेले होते. हे म्हणाले, आधी आपलं बेट शिका. शाळेच्या अंगणात त्यांनी चुन्यानं अख्खं बेट आखलं. कासवाचं डोकं म्हणजे दर्ग्याचं टोक, पाठ म्हणजे किल्ल्याचा डोंगर, शेपटीपाशी भगवतीचं देऊळ. विहिरीच्या जागी नारळाची करवंटी, बंदराच्या जागी शिंपल्या. किल्ल्याचा दरवाजा समुद्राकडं पाठ करून का, पिराच्या उरुसाला पहिली चादर कोळवाड्यातून का जाते, देवीची पालखी दर्ग्यापाशी का टेकते... पोरं धडाधड सांगत. त्यांचे आजे कुंपणाशी उभे राहून ऐकत आणि माना डोलवत.

राहिला एक खडक.

मचव्याच्या वाटेवरच आहे तो. भरतीला पाण्याखाली जातो, म्हणून वाईट. त्याला नाव आहे. पण बेटाची एक जरी होडी पाण्यात असली, तरी ते नाव तिथं कुणी तोंडातून काढत नाही. पावसाळ्यात सगळ्या होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या, की मग खुशाल घ्यावं. एरवी म्हणायचं ‘पल्याडची’. आपणही तसंच म्हणू. कुणाची ना कुणाची होडी बाहेर असायचीच.

मास्तर आले तेव्हा होड्या पाण्यात गेलेल्या. तेव्हा ते नाव त्यांना माणसाच्या तोंडून कळलं नाही, सरकारी नकाशात कळलं. त्यांनी ते फळ्यावर लिहिलं. पोरांनी पाटीवर उतरवलं, पण वाचलं कुणी नाही. मास्तर हसले आणि म्हणाले, “दगडाला घाबरता होय रे?”

मग एके दिवशी साहेब शाळा बघायला आले.

धाकू तांडेलाची शेवंती वर्गात सगळ्यांत चलाख. तिनं साहेबांना अंगणातलं बेट फिरून दाखवलं. काही म्हणता काही चुकली नाही. शेवटी खडकाच्या जागी ठेवलेल्या काळ्या गोट्यापाशी थांबली आणि म्हणाली, “ही पल्याडची.”

“हे कसलं नाव? खरं नाव सांग,” साहेब म्हणाले.

पोर गोट्याकडंच बघत राहिली.

“येतंय तिला, साहेब,” मास्तर म्हणाले. “शेवंती, बोल.”

“बाबा दर्यात हाय, गुरुजी.”

“मग काय झालं? बोल.”

“गुरुजी... सांजच्याला सांगते. बाबा आल्यावर.”

साहेब हसले. त्या हसण्यानं मास्तरांची मान खाली गेली, आणि हात वर गेला. छडी वाजली.

शेवंतीनं नाव घेतलं. अगदी हळू, कुणी ऐकू नये असं. साहेब म्हणाले, “शाब्बास.”

धाकूची होडी परत आली नाही. एक वल्हं तेवढं वाळूला लागलं.

बेटावर मास्तरांपुढं कुणी ब्रही काढला नाही. शाळा भरत होती. सकाळी दाराशी कुणीतरी शहाळं ठेवून जात होतं, आधी ठेवत तसंच. मास्तरांना ते शहाळं सोलवेना. दारात येऊन कुणी दोन शिव्या हासडल्या असत्या, तर रात्री डोळा तरी लागला असता.

आणि शेवंती धक्क्यावर जाऊन बसू लागली. घरी नाही, शाळेत नाही. बोलणं बंद.

“मी तिला समजावलं, बाबा,” मास्तर आता पायरीवर बसून सांगत होते. “वारा कसा फिरतो ते सांगितलं. पाणी कसं ओढतं ते सांगितलं. नावाचा आणि बुडण्याचा काही संबंध नाही, हे नकाशा काढून दाखवलं.”

“मग?”

“शेजारी बसलो की ती सरकते.”

“सरकू दे.”

“रोज सरकते, बाबा. कडेला गेली आहे अगदी... आता पलीकडं जागा राहिली नाही.”

फकिराचा राखेतला हात थांबला.

“तिची आई काय म्हणते?”

“ती माझ्याकडं बघत नाही. मी आलो की पदर ओढून आत जाते... तुम्ही चला खाली. बेट तुमचा शब्द मानतं. एवढंच म्हणा, की मास्तराचं खरं आहे. मग पोरही मानेल. आजच चला. आज माझं कुटुंब येतंय.”

“या मचव्यानं?”

“हो. माहेरी गेली होती बाळंतपणाला. मुलगा झाला. मी अजून पाहिला नाही त्याला. ती उतरली की पहिली तीच पोर दिसेल तिला धक्क्यावर. विचारील, ही कोणाची? अशी का बसली? मी काय सांगू?”

“तुझं खरं आहे, असं मी म्हणायचं.”

“हो.”

“खरं आहे?”

“म्हणजे काय, बाबा! शब्द तो शब्द. दगड तो दगड.”

“अस्सं.” फकिरानं दिवा बाजूला ठेवला. मळका हात लांब करून समुद्राकडं बोट केलं. “मग घे नाव.”

मास्तरांनी बोटाच्या रोखानं पाहिलं.

मचवा दिसत होता. शीड एका अंगाला कललेलं. भरती चढत होती, आणि पल्याडची पाण्याखाली गेली होती. तिच्या जागी फेसाची एक रेघ तेवढी उठत होती, मिटत होती. मचवा त्या रेघेकडंच येत होता. वाट तीच होती.

“घे ना. कोण ऐकतंय? मी म्हातारा, आणि हा पीर. तो तर कधीचा निजलाय.”

मास्तरांनी तोंड उघडलं.

...

“नकाशात छापलंय म्हणालास. फळ्यावर लिहिलंस. जिभेवरच का अडलं?”

...

“छडी नाही आणलीस, तेच चुकलं बघ.”

मास्तरांचे ओठ हलत होते, पण शब्द नव्हता. शीड रेघेपाशी आलं. रेघ उठली. शीड तिच्यामागं गेलं... दिसेना.

मग पुन्हा दिसलं. अलीकडच्या बाजूला. मचवा सावकाश बंदराकडं वळला, आणि त्यात कुणीतरी लाल लुगडं नेसलेलं बसलं होतं, छातीशी काही घट्ट धरून.

मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

फकिरानं बोटांची राख झटकली.

“तुझी माणसं आली,” तो म्हणाला. “आता तरी घे.”

मास्तरांनी हात काढले. दूर, आभाळाला टेकून, आणखी शिडं होती. बारीक बारीक. कोणती कुणाची, ते इथून ओळखू येत नव्हतं.

त्यांनी मान हलवली. नाही.

“बाबा... माझा विश्वास नाही यावर. खरंच नाही.”

“ठाऊक आहे.”

“मग त्या पोरीला काय सांगू मी? काय शिकवू?”

खाली धक्क्यावर मचव्याचा दोर पडला. माणसं उतरू लागली. कडेला बसलेली पोर तशीच बसून होती, समुद्राकडं तोंड करून.

मदारशानं दिवा पुन्हा मांडीवर घेतला.

“जा, मास्तर. आता तुम्ही दोघं एका इयत्तेत आलात.”