वरातीचा घोडा

मिरजेच्या कुसुमआत्यांनी आजवर पन्नासेक लग्नं जुळवली होती, पण भाचीला कॉलेज शोधताना त्यांचं डोकं पिकलं. वैदेहीला बारावीत छप्पन्न टक्के. धारवाडच्या सरकारी कॉलेजात प्रवेश मिळत होता, पण इंदूरकडच्या एका खासगी कॉलेजचे सल्लागार सरपोतदार तिसऱ्यांदा घरी येऊन बसले होते.

"छप्पन्न टक्क्यांना आमच्याशिवाय कोण विचारणार?" असं म्हणत त्यांनी गुळगुळीत माहितीपुस्तक उघडलं. पोहण्याचा तलाव, एसी वसतिगृह, घोडेस्वारी! वैदेहीचे बाबा घोड्यांवरच भाळले. तेच घोडे तिसऱ्यांदा पाहून आत्या मात्र वैतागल्या. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पानं चाळली आणि परत केलं.

"यात शिकवणारा एक माणूस दाखवा."

सरपोतदार पानं उलटत राहिले. शेवटी म्हणाले, "प्राध्यापक काय, तिकडे गेल्यावर भेटतीलच की!"

"वा हो!" आत्या उसळल्या. "बघायच्या कार्यक्रमात बंगला दाखवलात, बाग दाखवलीत, वरातीचा घोडासुद्धा आणलात, आणि नवरा मुलगा लग्न लागल्यावर दाखवणार?"

वैदेहीनं धारवाडचा अर्ज पुढे ओढला. बाबा अजून घोड्याकडेच बघत होते.