गुबगुबीत पेशी आणि कडू मुळी

एका डोंगराच्या पायथ्याशी विमलबाई निरगुडे नावाच्या शास्त्रज्ञ राहत. डोंगराच्या कड्यावर रानकडवी नावाची वेल होती. तिच्या मुळीतल्या कडू रसाने हटवादी तापही उतरत असे. पण खणून खणून अवघ्या सात वेली उरल्या होत्या. गावात तापाची साथ आली आणि मुळ्या काढणाऱ्या हिराबाईने कुदळ उचलली.

"आठ दिवस थांबा," विमलबाई म्हणाल्या, "तोवर जुनं औषध पुरेल. नवं माझ्या बाटल्यांत तयार होईल."

त्या बाटल्यांत मुळीच्या नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलेल्या पेशी होत्या. विमलबाई त्यांना साखरपाणी पाजत, ऊब देत, धुळीचा कणही लागू देत नसत. पोटच्या पोरांचे कुणी करणार नाही एवढे लाड! पेशीही काय फोफावल्या! पण यंत्राने तपासल्या, तर कडू रस अगदी नावापुरता. साखर वाढवली, तशा त्या आणखीच फुगल्या.

सहाव्या दिवशी हिराबाईने बाटलीत डोकावून पाहिलं आणि ती खो खो हसत सुटली. "बाई, असली गुबगुबीत मुळी आमी हातात बी धरत न्हाय. बुरशीचा डाग पडलेली हुडकून काढतो. तीच कडू जहर! जिला कुनाची भीतीच न्हाय, ती कशापायी कडू व्हईल?"

एवढ्या शिकलेल्या बाईंना राग यायला हवा होता. पण त्या ताडकन उठल्या. हिराबाईकडच्या एका जुन्या डागाळलेल्या मुळीवरची बुरशी खरवडली, उकळून मारली आणि ते पाणी एका बाटलीत भसकन ओतलं. उतावीळपणा नडला. दिवस मावळायच्या आत त्या पेशी काळ्या पडून मेल्या.

दुसऱ्या बाटलीत विमलबाईंनी मोजून तीनच थेंब टाकले. पेशींना वाटलं, शत्रू आला! त्यांनी फुगणं सोडलं आणि लढायची तयारी सुरू केली. आठव्या दिवशी बाटलीतलं पाणी पिवळंधमक झालं होतं. यंत्रावरचा आकडा पाहून विमलबाई ओरडल्याच, "हिराबाई, वीसपट! अहो, वीसपट!"

हिराबाईचा यंत्रावर कसला विश्वास! तिने बोट बुडवून चाटलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"आक् थू! हीच ती!"

तिने कुदळ भिंतीला टेकवून ठेवली. सातही वेली कड्यावरच राहिल्या.

तात्पर्य: नुसत्या लाडाने अंग भरतं, गुण येतो तो झेपेल एवढ्या संकटाशी झुंजल्यावरच.