मैनेच्या चोचीतला निरोप

रानात माणसाचं पाऊल पडलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. कडक उन्हाळ्यात एका हरिणीला डोह सापडला. तिने मातीत खुराने डोहाच्या दिशेची खूण केली आणि मैनेला निरोप पढवला, "कळपाला सांग, डोहावर या."

ऊन उतरलं की निघू म्हणून मैना फांदीवर बसली. तेवढ्यात हरिणीला डोहात मगर दिसली. तिने खूण पुसली, पलीकडच्या एका झऱ्याच्या दिशेची नवी केली आणि झऱ्यावर जाऊन थांबली. मैना वरून बघत होती. ऊन उतरल्यावर ती उडाली.

तिने पढवलेला निरोप सांगितला, आणि खुणेकडे न बघता तिच्या मागोमाग कळप थेट डोहात उतरला. सगळ्यात पुढे हरिणीचंच पाडस होतं.

"मी खूण बदलली, ती तुला दिसली नाही?" हरिणीने विचारलं.

"दिसली की," मैना म्हणाली. "पण निरोप तू माझ्या चोचीत दिला होतास, आणि बदल मातीला सांगितलास."