दुखवट्याच्या घरचं ताट

एका राज्यात बस्त्याव नावाचा राजा होता, आणि त्याला शेवटचं बोलून वर्ष होत आलं होतं. राज्य समुद्राकाठचं. तिथे पक्षी बोलत आणि मांत्रिक मिठागरात राहत. त्या वर्षी तापाची साथ आली आणि घरटी एक माणूस घेऊन गेली. राजवाड्यातून तिने राणी रोझाला नेलं. राणीच्या मातीला राजा ओरडला, "या राज्यात पुन्हा सण येऊ नये!" जवळून एक मांत्रिक चालला होता. "तथास्तु," म्हणाला आणि गेला. राजाचा शब्द मांत्रिक खाली पडू देत नाहीत, एवढं तरी राजाला ठाऊक असायला हवं होतं.

त्या घटकेपासून देवळाची घंटा मुकी झाली आणि राजा पायांकडून दगड होऊ लागला. राजकन्या फिलोमिना त्याच्याशेजारी बसे. एकटीच बोले, एकटीच उत्तर देई. नाताळच्या आदल्या दिवशी खिडकीत एक खंड्या येऊन बसला.

"राजकन्ये, उद्या सूर्य मावळताना दगड काळजाला पोचेल."

"उपाय सांग, पक्षिराजा."

"तीन गोष्टी आण. नागाच्या विहिरीचं पाणी. मांत्रिकाच्या चुलीतला निखारा. आणि दुसऱ्याच्या घरून राजासाठी आलेलं नाताळचं ताट."

नागाने पाण्याच्या बदल्यात तिचे लांब केस मागितले. आई गेल्यापासून ते विंचरायला कोणी नव्हतं. तिने कापून दिले. मांत्रिक म्हणाला, "निखारा उघड्या तळहातावर ने." तिने नेला. हात पोळला, पण ती ओरडली नाही. ऐकायला होतंच कोण? तिसरी गोष्ट तर अगदीच सोपी, असं तिला वाटलं. वाटणारच.

नाताळच्या सकाळी ती दारोदार फिरली. त्या राज्याची रीत अशी, की ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं तिथे सणाला कढई चढत नाही. शेजारीपाजारी ताट आणून देतात. रीत चांगलीच. पण यंदा घराघरात दुखवटा. कढई कुठेच चढली नव्हती. जो तो दार ओढून शेजाऱ्याच्या ताटाची वाट पाहत होता, आणि कोणी येत नाही म्हणून आतल्या आत रडत होता.

शेवटचं घर कतरीनचं, होडीवाल्याच्या विधवेचं. ती म्हणाली, "बाय, मी पण सकाळपासून दाराकडेच बघत बसलेय. वाटलं, सगळे आपल्याला विसरले."

"आम्हालाही तसंच वाटलं," राजकन्या म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

मग ती घरी परतली आणि त्या राज्यात कोणी केलं नव्हतं ते तिने केलं. दुखवट्याच्या घरात कढई चढवली. विहिरीच्या पाण्यात पीठ मळलं, निखाऱ्याने चूल पेटवली. करंज्या तिला येत नव्हत्या. काही फुटल्या, काही करपल्या. उरल्या तेवढ्या ताटात भरून ती कतरीनकडे गेली.

कतरीन ताटाकडे बघत राहिली. दुसऱ्याचं ताट रिकामं परत पाठवणं तिला जन्मात जमलं नसतं. तिने डोळे पुसले आणि आपली कढई फळीवरून खाली काढली. तळणाचा वास गल्लीत गेला. शेजारणीने डोकावलं, तिलाही ताट मिळालं, आणि तिलाही ते रिकामं परत देववेना. दुपार कलेपर्यंत गावातली एकही चूल थंड राहिली नाही.

सूर्य पाण्याला टेकत असताना कतरीन राजकन्येचं ताट भरून राजवाड्यात आली. करंजीचा तुकडा तिने राजाच्या ओठांशी धरला.

"महाराज, माझे धनी याच तापात गेले. माझ्या घरचं गोड घ्या."

राजाने घास घेतला. बराच वेळ चावला.

"रोझा यात वेलची घालत असे," तो म्हणाला, आणि ओक्साबोक्शी रडू लागला. अंगावरचा दगड खपल्या पडाव्यात तसा गळून पडला. देवळाची घंटा आपोआप वाजू लागली.

राणी काही परत आली नाही. कोणाचंच माणूस आलं नाही. ते मांत्रिकांच्याही हाती नसतं. पण त्या संध्याकाळी राजा कतरीनशेजारी पायरीवर बसला आणि म्हणाला, "तुझ्या धन्याचं नाव सांग."

"इनास," ती म्हणाली. वर्षभरात तिला कोणी विचारलंच नव्हतं.

मग घंटा ऐकून राजवाड्याच्या अंगणात जमलेल्या एकेकाने आपल्या माणसाचं नाव घेतलं, आणि ताटं या हातातून त्या हातात फिरत राहिली. ऐकणाऱ्यांनो, तो सण तुमच्याही गावी येवो, आणि यंदा ज्याच्या दाराशी कोणी फिरकलं नाही त्याच्या घरी आधी जावो.