शेवटच्या डब्याची पाटी

“हे… हेच का धुमाळ मास्तर?”

ऋताने दारातूनच विचारले.

पाच वर्षे परदेशात शिकून ती कुर्डुवाडीला परतली होती. मास्तरांविषयी तिने ऐकले होते ते असे: चौतीस वर्षे स्टेशन सांभाळले, एक अपघात नाही. आता फारसे बोलत नाहीत, पण बोलले तर माणूस रुळावर येतो. एखादा विरक्त वृद्ध भेटेल, अशी तिची कल्पना होती. समोर तर बनियनमधला एक म्हातारा फरशीवर पालथा पडून काडेपेटीएवढ्या इंजिनाच्या चाकात फुंकर मारत होता.

“हेच,” मास्तरांच्या पत्नी गोदाकाकू म्हणाल्या. “खऱ्या गाड्यांनी रात्रीची झोप खाल्ली. आता ह्या खेळातल्या दुपारची खातात.”

पत्र्याच्या त्या गाड्या मास्तरांनी कॉलेजात असताना बनवल्या होत्या. नोकरी लागली तशा त्या ट्रंकेत गेल्या, निवृत्तीनंतर बाहेर आल्या. एकच रूळ. एक स्टेशन या खोलीत, दुसरे भिंतीतल्या भोकापलीकडे.

ऋताने काम सांगितले. वस्तीवरच्या बारा बायकांना ती लिहा-वाचायला शिकवत होती. पहिले पुस्तक संपले, उद्या दुसरे काढायचे. मग आणखी वीस वस्त्या. मास्तरांनी सोबत यावे. त्यांच्या शब्दाखातर लोक बायकांना पाठवतील. ते नसतील तर पुढच्या वस्तीत तिला कोणी दारात उभे करणार नव्हते.

“बाराही वाचतात?”

“अकरा. चांगुणाबाई मागे पडल्या, मग यायच्याच बंद झाल्या. पण बारात अकरा म्हणजे…”

मास्तर उठून बसले.

“पलीकडे जाऊन बस. मी गाडी पाठवतो. गाडी पूर्ण आली की घंटी दे, म्हणजे पुढची सोडतो.”

ऋता गेली, पण मनात पाल चुकचुकली. मास्तर नाही म्हणत नाहीत, नुसते खेळवतात, असे तिला कोणीतरी सांगितले होते. हे तेच असणार.

गाडी आली. तिने घंटी दिली.

दुसरी यायच्या आत तिने वाकून भोकातून पाहिले. मास्तरांची फक्त पावले दिसली. हलत नव्हती. हसत असतील? की डुलकी लागली? की काही लपवाछपवी चालली आहे? ती त्या पावलांवर डोळा ठेवून होती. बाजूने हिरवे इंजिन आत आले तसा न पाहताच तिचा हात घंटीवर पडला.

तिसरी गाडी सुटली.

भिंतीत काहीतरी धाडकन आदळले.

ऋता धावत या खोलीत आली. मास्तरांनी भोकात हात घालून एक चेपलेला डबा बाहेर काढला. दुसऱ्या गाडीचा शेवटचा डबा. त्याच्या पाठीवर नखाएवढी पिवळी पाटी होती.

“ही पाटी दिसल्याशिवाय गाडी आली, असं कुठलाही मास्तर म्हणत नाही.”

“तुम्ही मुद्दाम सोडलात तो डबा.”

“हो.”

“मला वाटलंच होतं. म्हणजे चूक तुमची.”

“डबा सुटतोच, पोरी. कधी आपोआप, कधी कोणी सोडतं. अपघात त्यानं होत नाही…”

“मग कशानं?”

“घंटीनं.”

ऋताने पुन्हा मूळ विषय काढला.

“तुम्ही येणार की नाही, एवढं सांगा.”

मास्तर चेपलेला पत्रा अंगठ्याने सरळ करीत राहिले…

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा जणी देवळाच्या ओट्यावर येऊन बसल्या. नव्या पुस्तकांचा गठ्ठा शेजारीच होता. ऋताने त्याची सुतळी सोडली नाही. तासाभराने येते, असे सांगून ती निघाली.

चांगुणाबाईंच्या घराची वाट मास्तरांच्या ओसरीवरून जात होती. आपण तिकडे जाणार, हे मास्तरांना आधीपासून ठाऊक होते की काय, हा संशय तिच्या मनातून अजून गेला नव्हता.

“दुसरं पुस्तक काढलंस?” मास्तरांनी विचारले.

“नाही. चांगुणाबाईंकडे चाललेय. आणि त्या नाहीच आल्या तर?”

मास्तरांनी खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला. काठी घेतली. देवळाच्या दिशेने पाहिले.

“तू सावकाश जा… पुढची गाडी मी रोखून धरतो.”