आक्काचा चार दिव्यांचा डबा

बोरखेड नावाच्या गावात गोरख नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. मिशा भरघोस, डोकं एकदम स्वच्छ. थोरल्या बहिणीच्या, यमुनाआक्काच्या फोटो स्टुडिओत तो कामाला होता. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. खरी गोम तीच होती.

स्टुडिओत एक जुना लोखंडी डबा होता. त्यात फोटो साठवायच्या चार डिस्क, प्रत्येकीला एक दिवा, आणि चौघींत मिळून गावातल्या बारा वर्षांच्या लग्नांचे फोटो. गावातल्या भागूआत्याच्या नवऱ्याचा एकुलता एक हसरा फोटोही त्यातच. बिचारे गेल्या साली वारले. गुरुवारी वर्षश्राद्ध होतं आणि आत्याला तोच फोटो हवा होता.

सोमवारी एका डिस्कचा हिरवा दिवा लाल झाला.

आक्का म्हणाली, "एक मेली तर बाकीच्या तिघी सांभाळून घेत्यात. दुसरी गेली की सगळंच गेलं. ही मेलेली घे, तालुक्याला जा. दुकानदाराला दाखव आन् हुबेहूब अशीच आण."

दुकानदाराने नवी डिस्क पुढे केली.

"ही चालती का?" गोरखने विचारलं.

"चालती की, पाव्हणं! कोरी करकरीत हाय."

"मग नको. आमची चालत न्हाई. हुबेहूब पायजे."

दुकानदाराने भंगाराच्या खोक्यातून एक मेलेली डिस्क काढून दिली. गोरख खूश.

आक्काने कपाळावर हात मारला. "आरं शहाण्या, चालती का ते बघून आणायची!"

मंगळवारी गोरख परत गेला. नवी डिस्क घेतली. येताना फाट्यावरच्या पारावर बसून स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि आतली चकती बोटाने फिरवून बघितली. मस्त चालत होती.

"उघडलीस?" आक्का किंचाळली. "आत धूळ गेली, मारलीस की रं तिला! बंद असंल ते मी येईस्तोवर बंदच ठेवायचं!"

बुधवारी गोरख आणखी एका नव्या डिस्कचं बंद पाकीट घेऊन आला. आक्का सकाळीच एका लग्नाच्या फोटोंसाठी गेली होती. स्टुडिओचं शटर बंद होतं. गोरखने ते बंदच ठेवलं आणि पायरीवर बसून राहिला. गिऱ्हाइकं परत गेली. भागूआत्या तेवढी उन्हात उभी राहिली.

दुपारी आक्का धावतपळत आली. "आरं, नवी वस्तू दारात घिऊन सुतक्यावानी काय बसलास? नवी वस्तू आली की आत न्यावी, हळदकुंकू लावावं, नारळ फोडावा!"

तिने शटर उघडलं आणि डिस्क स्वतःच्या हाताने बसवली. डबा घरघरू लागला. "आता तिघी मिळून हिला समदं शिकवतील. सांजच्याला आत्याच्या मालकांचा फोटो काढू. तवर डब्याला हात लावू नगंस. लाल दिवा दिसता कामा नये." एवढं बोलून ती परत लग्नाला पळाली.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"लाल दिवा हाय का रं?"

"एकबी न्हाई, आक्का."

"देव पावला! हिरवं किती?"

गोरखने ओल्या डब्याकडे नीट निरखून पाहिलं.

"हिरवंबी न्हाईत. पर हात न्हाई लावला म्या. हळदकुंकू लांबूनच उडवलं, आन् नारळ वरनं डब्यावर हाणला. खोबरं लई ग्वाड निघालं, आक्का. भागूआत्या परसाद खाऊन बसलीय. इचारतीय, फोटो कवा निघतोय?"