दोन जामीन

शेजारच्या हेमलताकाकूंच्या यजमानांचं तेरावं होतं. शेवटची पंगत उठायच्या आत पतसंस्थेचे अध्यक्ष विश्वासराव येऊन बसले. विम्याचे नऊ लाख येणार, हे त्यांना कसं कोण जाणे, आधीच कळलं होतं. काकूंना त्याच पैशांवर आयुष्य काढायचं होतं, दिराच्या दारात भाकरीसाठी बसायचं नव्हतं.

“वहिनी, बँकेत काय मिळतं? आमच्याकडे बारा टक्के. बाईमाणसाने डोक्याला ताप कशाला करून घ्यायचा? उद्या माणूस पाठवतो, सही तेवढी करा.”

दीर मान डोलवत होते. मी ताटं उचलत होते. मला वाटलं, आता काकू हो म्हणणार.

“ठेवते की,” काकू म्हणाल्या. “फक्त दोन जामीन आणा.”

“जामीन कर्जाला लागतो, वहिनी. ठेवीला नाही.”

“ह्यांच्या ऑपरेशनला वीस हजार मागितले, तेव्हा तुम्ही ओळख असून दोन जामीन मागितलेत. मी तर नऊ लाख देतेय. बुडाले तर आम्ही भरू, असं दोघांनी लिहून द्यावं. एक तुम्ही, दुसरे हे भाऊजी. त्यांना पटलेलंच दिसतंय.”

दिरांची मान थांबली.

“अध्यक्षाला जामीन राहता येत नाही,” विश्वासराव पुटपुटले आणि चपला शोधू लागले.

ओसरीवर त्यांचे पाच-सहा ठेवीदार बसले होते. हे सगळं ऐकून एकेक जण उठून घरी निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच पतसंस्थेपुढे रांग लागली. सगळ्यांत पुढे, स्वतःच्या ठेवीची पावती घेऊन, काकूंचे दीर होते. शटर त्या दिवशी उघडलं नाही. नंतरही नाही.